शेलेफ्तेओची दोन गिऱ्हाइकं

ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्थव्होल्ट नावाच्या नवख्या कंपनीने जाहीर केलं, की इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचा तिचा पहिला मोठा कारखाना उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्तेओला उभा राहणार. १२ मार्च २०२५ रोजी याच कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दिला. मधल्या साडेसात वर्षांत आधी शेलेफ्तेओचं भरपूर कौतुक झालं. देशोदेशीचे पत्रकार येऊन गेले, आडबाजूच्या थंड गावाने जगाचं लक्ष कसं वेधलं याच्या कहाण्या छापून आल्या. दिवाळखोरीनंतर सूर पालटला आणि ‘सगळी भिस्त एकाच कंपनीवर ठेवली, दुसरं काय होणार’ असं म्हणणाऱ्यांची रांग लागली.

दोन्ही निवाडे मला घाईचे वाटतात. शेलेफ्तेओला एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं पटवायची होती: कंपनी आणि माणसं. दोघांना हवं ते वेगळं, निर्णयाला लागणारा वेळ वेगळा, आणि पाठ फिरवण्याची रीतही वेगळी. पहिलं गिऱ्हाईक शहराने फार हुशारीने मिळवलं. दुसरं स्वतः मिळवण्याऐवजी बरंचसं पहिल्याच्या हातून मिळू दिलं. पाणी मुरलं ते इथं.

आधीचं गाव

शेलेफ्तेओ ध्रुववृत्ताच्या थोडं खाली, बोथनियाच्या आखाताजवळ, शेलेफ्ते नदीच्या काठी आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथला दिवस चार तासांहूनही लहान असतो. शहरात पस्तीस हजारांच्या आसपास वस्ती. पण पालिकेची हद्द प्रचंड, साडेसहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठी, आणि त्यात २०१७ च्या सुमारास ७२ हजारांच्या आसपास माणसं राहत होती. दक्षिणेला उमेओ, उत्तरेला लुलेओ, दोन्ही साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर आणि दोन्हीकडे विद्यापीठ. म्हणजे शाळा संपली की हुशार मूल डावीकडे नाहीतर उजवीकडे जाणार, आणि बहुतेक वेळा परत येणार नाही. शहरात या दोन्ही विद्यापीठांची शाखा आहे, लाकूड-तंत्रज्ञानाचं शिक्षण तिथं चांगलं चालतं. तरी शाखा ती शाखाच.

आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही: शेलेफ्तेओला प्रवासी रेल्वे नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तरेचा मुख्य लोहमार्ग टाकताना तो समुद्राकडून येणाऱ्या शत्रूच्या टप्प्यात नको म्हणून किनाऱ्यापासून आत, जंगलातून नेला. शेलेफ्तेओच्या वाट्याला एक फाटा आला, त्यावरून आज मालगाड्याच जातात. बाकी प्रवास विमानाने किंवा महामार्गाने.

उद्योग मात्र गावाला नवा नव्हता. १९२४ मध्ये जवळच बोलिडेन इथं सोनं सापडलं, १९३० मध्ये समुद्रकाठी रॉनशेरचा धातू गाळण्याचा कारखाना सुरू झाला. तो आजही चालतो आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून तांबं-सोनं काढणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जातो. शेलेफ्तेओ ‘सोन्याचं शहर’ म्हणून ओळखलं जातं ते त्यामुळेच. एका मोठ्या कंपनीच्या सावलीत राहणं म्हणजे काय, हे इथल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. म्हणून ‘भोळं गाव, मोठ्या कंपनीला भुललं’ ही मांडणी मला पटत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वीज. नदीवरच्या जलविद्युत केंद्रांसह शेलेफ्तेओ क्राफ्ट ही वीज कंपनी पालिकेच्या मालकीची आहे, आणि ती देशातल्या मोठ्या वीज कंपन्यांपैकी एक आहे. नोव्हेंबर २०११ पासून स्वीडनची वीजबाजारपेठ चार विभागांत वाटलेली आहे. उत्तरेच्या दोन विभागांत पाण्याची वीज मुबलक आणि मागणी कमी, त्यामुळे भाव दक्षिणेपेक्षा सहसा कमी असतो. वर्षानुवर्षं ही वीज तारांवरून दक्षिणेला जात होती आणि मागोमाग इथली मुलंही. वीज इथंच वापरणारा कोणी आणता आला तर दोन्ही प्रवाह अडतील, हा विचार कोणा सल्लागाराने शिकवावा लागला नाही.

पहिलं गिऱ्हाईक

नॉर्थव्होल्ट ही पीटर कार्लसन आणि पाओलो चेरुती या टेस्लामध्ये काम केलेल्या दोघांनी २०१६ मध्ये सुरू केलेली कंपनी. तिला जागा हवी होती आणि ती मिळवून द्यायला स्वीडन-फिनलंडमधल्या अनेक पालिका पुढे आल्या.

स्वीडिश पालिकेच्या हातात कंपनीला देण्यासारखं काय असतं, हे इथं नीट पाहायला हवं, कारण इतर देशांत या खेळाचे नियम वेगळे असतात. ती करसवलत देऊ शकत नाही, कंपनी-कर तिच्या हातात नाहीच. रोख अनुदान देऊ शकत नाही. एखाद्या विशिष्ट व्यावसायिकाला स्वतंत्र मदत करायला पालिकांच्या कायद्यात जवळजवळ मनाई आहे, अगदी असाधारण कारण असेल तरच ती चालते. जमीन पडेल भावात देता येत नाही, युरोपीय संघाचे सरकारी मदतीचे नियम आड येतात. मग उरतं काय? जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे पालिकेचा असतो. वीज कंपनी पालिकेची. रस्ते, पाणी, सांडपाणी पालिकेचं. थोडक्यात, पैसा देता येत नाही, पण वेळ वाचवून देता येतो.

शेलेफ्तेओने हेच विकलं. शहराच्या पूर्वेला हेडेन्सबिनची सपाट मोकळी जमीन, जवळ बंदर, जवळ उच्चदाब वीज, आणि टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले नियोजन अधिकारी, वीज कंपनी आणि राजकीय नेतृत्व. जमीन वापराचा आराखडा, वीजजोडणी आणि पर्यावरण परवान्याची तयारी एकापाठोपाठ एक न करता एकत्र चालवली. जाहीर झाल्यानंतर वर्ष उलटायच्या आत, २०१८ मध्ये, जमिनीवर काम सुरू झालं. जिथं मोठ्या कारखान्याच्या परवान्याला वर्षंच्या वर्षं जातात, तिथं हा वेग हीच जाहिरात होती. घोषवाक्यं, चित्रफिती, प्रदर्शनातले कक्ष हे सगळं असतंच, पण कारखान्याची जागा ठरवणारा माणूस घोषवाक्य वाचून ठरवत नाही. कुठल्या महिन्यात किती मेगावॉट मिळेल, एवढंच तो विचारतो. ज्याच्याकडे त्याचं सहीसकट उत्तर असेल तो जिंकतो.

पहिली बॅटरी डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तयार झाली. पुढे शंभराहून जास्त देशांतले लोक तिथं कामाला आले. शहरात बेरोजगारी देशातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक झाली, घरांच्या किमती चढल्या. पालिकेने २०३० पर्यंत ८० हजार लोकसंख्येचं लक्ष्य ठेवलं होतं. ते ऐकून पूर्वी लोक हसले असते, आता ते कमी वाटू लागलं.

हिशोब कुठं लागतो

इथं थोडं थांबून पैशाकडे पाहायला हवं. या प्रकरणाची किल्ली तिथं आहे, आणि गौरवाच्या किंवा टीकेच्या लेखांत ती क्वचितच सापडते.

कारखाना आला म्हणून स्वीडिश पालिकेच्या तिजोरीत थेट काही येत नाही. कंपनीच्या नफ्यावरचा कर, २०२१ पासून २०.६ टक्के, देशाच्या सरकारकडे जातो. पगारावर मालकाने भरायचं ३१.४२ टक्क्यांचं सामाजिक योगदानही तिकडेच. कारखान्याच्या इमारतीवरचा मालमत्ता करसुद्धा. पालिका चालते ती मुख्यतः रहिवाशांच्या उत्पन्नावरच्या करावर. हा स्थानिक कर शेलेफ्तेओत पालिका आणि प्रांत मिळून साधारण ३४ टक्के आहे आणि त्यातला मोठा वाटा पालिकेचा. तो मिळतो फक्त तिथं नोंदलेल्या माणसाकडून. किमान वर्षभर राहणार असेल त्यालाच रहिवासी म्हणून नोंदता येतं. उभारणीच्या काळात पोलंडहून, बाल्टिक देशांतून, जर्मनीहून आलेला आणि काही महिन्यांनी परत जाणारा कामगार हॉटेलात राहतो, दुकानात खर्च करतो, रस्ते वापरतो. पालिकेला त्याच्या पगारातून काही मिळत नाही.

याच्या वर आणखी एक थर आहे. श्रीमंत आणि गरीब पालिकांमधली दरी बुजवण्यासाठी स्वीडनमध्ये समानीकरणाची व्यवस्था आहे. देशाच्या सरासरी करपात्र उत्पन्नाच्या ११५ टक्के पातळीच्या खाली असलेल्या पालिकेला फरकाचा बहुतेक भाग भरून मिळतो. याचा अर्थ असा, की पालिकेच्या दृष्टीने नव्या रहिवाशाचा पगार किती हे जवळजवळ गौण आहे. डोकी मोजली जातात. लठ्ठ पगाराचा एकटा अभियंता एक डोकं, आणि बेताच्या पगाराचं चौघांचं कुटुंब चार डोकी.

ही डोकी मोजली जातात १ नोव्हेंबरला, आणि त्या आकड्यावर पुढच्या वर्षाचा पैसा ठरतो. समजा, डिसेंबर २०२१ मध्ये एक तंत्रज्ञ बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह शेलेफ्तेओला आला. १ नोव्हेंबर २०२१ ची मोजणी होऊन गेलेली. म्हणजे तो मोजला जाणार नोव्हेंबर २०२२ ला आणि त्याच्यापोटी पैसा येणार २०२३ मध्ये. मुलीला मात्र बालवाडी आताच हवी, आणि पालकांनी मागणी केल्यापासून चार महिन्यांत जागा देणं पालिकेला कायद्याने बंधनकारक. तिघांना घर आताच हवं. आईबापांना स्वीडिश शिकवणं हेही पालिकेचंच काम. खर्च आज, पैसा वर्षभराने. वाढ जितकी वेगवान, तितका हा खड्डा मोठा, आणि तो भरायचा कर्ज काढून. बालवाड्या, शाळा, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या यांत शहराने गुंतवलेला पैसा हा असा भविष्यातल्या डोक्यांच्या नावावर उचललेला होता.

घरांचं गणित आणखी विचित्र. उत्तरेच्या लहान शहरांत कित्येक वर्षं नवं घर बांधण्याचा खर्च ते विकून येणाऱ्या किमतीपेक्षा जास्त होता. बँक कर्ज देते बाजारभावावर, त्यामुळे खाजगी बिल्डर फिरकत नसत आणि बांधायची वेळ आली की पालिकेच्या घरबांधणी कंपनीवर यायची. कारखान्याच्या बातमीने भाव वर गेले आणि पहिल्यांदाच गणित जुळू लागलं. घर उभं राहायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात. कामगार त्याआधी हजर. मग तात्पुरत्या घरांच्या वसाहती, एका घरात चार-चार सहकारी. ‘या, इथं स्थायिक व्हा’ म्हणून बोलावलेल्या माणसाला पहिलं वर्ष वसतिगृहासारखं काढावं लागलं तर तो बायकापोरांना आणत नाही. एकटाच राहतो. एकट्याला जायला वेळ लागत नाही.

दुसरं गिऱ्हाईक

शहराने माणसांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नगरचौकाजवळ उभं असलेलं सारा कुल्टुरहुस त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. या सांस्कृतिक भवनाची वास्तुस्पर्धा व्हाइट या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने २०१६ मध्ये जिंकली. म्हणजे कारखान्याची घोषणा व्हायच्या आधीच, बऱ्याच स्थानिकांच्या मते परवडत नसताना, शहराने हा निर्णय घेतला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये ते उघडलं. वीस मजले, सुमारे ७५ मीटर उंची, आणि जवळजवळ सगळा सांगाडा लाकडाचा. नाव दिलं ते याच परिसरात जन्मलेल्या लेखिका सारा लिडमन यांचं. खाली प्रांताचं नाट्यगृह, ग्रंथालय, कलादालन आणि संग्रहालय. वर २०५ खोल्यांचं हॉटेल.

ही इमारत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. लाकूड आलं ते आसपासच्या जंगलांतून, आणि चिकटवलेल्या लाकडाचे मोठे खांब-तुळया पालिकेच्या हद्दीतल्याच एका गावातल्या लाकूड कारखान्यातून. हॉटेलच्या खोल्या कारखान्यात पूर्ण तयार करून, न्हाणीघरासकट, एकावर एक रचल्या. लाकूड हलकं, त्यामुळे एवढा उंच मनोरा जोरदार वाऱ्यात जास्त डुलण्याचा धोका होता. म्हणून अगदी वरच्या मजल्यांना मुद्दाम काँक्रीट घालून वजन वाढवलं. इथल्या जंगलाचं, इथल्या कारागिरीचं, विद्यापीठाच्या शाखेत शिकवल्या जाणाऱ्या विद्येचं असं एका जागी दर्शन होतं. नदीवर १७३७ चा लाकडी पूल आजही आहे, आणि २०११ मध्ये बांधलेला नवा पादचारी पूलही लाकडाचाच. ‘आम्ही लाकडाचं शहर आहोत’ असं नुसतं पत्रकात छापलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. उभं राहिलेलं दिसतं, त्याला पत्रक लागत नाही.

मग कमी काय पडलं?

माझ्या मते दुसरी नोकरी. लहान शहरात कुटुंब टिकतं की नाही हे ज्याला बोलावून आणलं त्याच्या पगारावर ठरत नाही, त्याच्या जोडीदाराला काम मिळतं की नाही यावर ठरतं. वरच्या उदाहरणातल्या तंत्रज्ञाची बायको परिचारिका आहे असं धरा. युरोपीय संघाबाहेर शिकलेल्या परिचारिकेला स्वीडनमध्ये काम करायचं तर भाषेची वरची पातळी गाठावी लागते, ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते, मग देशाच्या आरोग्य मंडळाकडून परवाना. यात वर्षं जातात. त्याच काळात शेलेफ्तेओतली वृद्धसेवा आणि शाळा माणसांसाठी हवालदिल होत्या, कारण कारखाना जास्त पगार देऊन त्यांचेच लोक ओढत होता. काम पडून, आणि कामाची माणूस घरी बसून. ही गाठ सोडवणं पालिकेच्या आवाक्यात होतं, निदान काही प्रमाणात: परवान्याची वाट पाहणाऱ्यांना साहाय्यक म्हणून पगारी काम देऊन तिथंच भाषा शिकवायची, आणि हे सगळं नवरा रुजू व्हायच्या आधी ठरवायचं. असे प्रयत्न झालेही. पण कारखान्याच्या वेगापुढे ते मागेच राहिले.

दुसरी उणीव नावाची. काही वर्षांत शहराचं आणि कंपनीचं नाव एकच होऊन बसलं. शहराबद्दलच्या प्रत्येक बातमीत कारखाना, नोकरीच्या जाहिरातीत शहर म्हणजे पगारासोबतचं बाकीचं सामान. जगभरातून आलेल्या माणसाने शेलेफ्तेओ निवडलंच नव्हतं, त्याने नोकरी निवडली होती आणि ती नेमकी इथं निघाली. असा माणूस शहराचा गिऱ्हाईक नसतो, कंपनीचा असतो. पहिल्या दिवशी हा फरक दिसत नाही.

(आइस हॉकीचं सांगायचं राहिलं. शेलेफ्तेओचा संघ २०१३, २०१४ आणि २०२४ मध्ये देशाचा विजेता ठरला. एवढ्याशा गावासाठी ही मोठीच गोष्ट. नव्या माणसाला गावात मिसळायचं असेल तर सामन्याचं तिकीट हा स्वागत-पुस्तिकेपेक्षा सरळ रस्ता आहे. यावर कुठल्याच विकास आराखड्यात एक ओळही नसते.)

२०२४ आणि त्यानंतर

कारखाना ठरल्या वेगाने उत्पादन काढू शकला नाही. यंत्रं बसली, पण चांगल्या प्रतीच्या बॅटऱ्यांची संख्या योजनेच्या अगदी किरकोळ भागापलीकडे जाईना. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे दोन अब्ज युरोची मागणी रद्द केली. सप्टेंबरमध्ये कंपनीने स्वीडनमधल्या १,६०० नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यांतल्या हजार एकट्या शेलेफ्तेओतल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं गेलं आणि कार्लसन पायउतार झाले. मार्च २०२५ मध्ये शेवट. स्वीडनच्या अलीकडच्या औद्योगिक इतिहासातली ही सर्वांत मोठी दिवाळखोरी मानली जाते.

स्वीडिश कामगाराला अशा वेळी थोडा आधार असतो, थकलेल्या पगाराची हमी सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत घेतं, बेरोजगारी विमा असतो. युरोपाबाहेरून कामाच्या परवान्यावर आलेल्याचं तसं नाही. नोकरी गेली की तेव्हाच्या नियमाप्रमाणे साधारण तीन महिन्यांत दुसरी शोधायची, तीही परवान्यासाठी ठरवलेल्या किमान पगाराची, नाहीतर देश सोडायचा. हजारो लोक एकाच गावात, एकाच महिन्यात, एकाच प्रकारचं काम शोधताहेत म्हटल्यावर तीन महिन्यांत काय होणार? जे गेले त्यांतल्या कित्येकांना जायचं नव्हतं. शहराने माणसं धरून ठेवली नाहीत असं म्हणताना हे विसरू नये, की या घड्याळाचा काटा स्टॉकहोममध्ये फिरत होता.

ज्यांच्या जोडीदाराला शाळेत, रुग्णालयात, खाणीत किंवा गेम बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीत काम मिळालेलं होतं, त्यांना निदान विचार करायला सवड होती. दुसरी नोकरी म्हणजे जाहिरातीतला गोड मुद्दा नसून शहराचा विमा आहे, असं मी म्हणतो ते यामुळे. वाढीच्या काळात पालिकेने दर महिन्याला एकच आकडा फळ्यावर लिहायला हवा होता: नव्याने आलेल्या किती कुटुंबांत दुसरा पगार कारखान्याबाहेरून येतो? एकूण लोकसंख्येचा आकडा छान दिसतो, पण तो डगमगता आहे की घट्ट, हे सांगत नाही.

उत्तरेतली दुसरी उदाहरणंही बघण्यासारखी आहेत. लुलेओने २०११ मध्ये फेसबुकचं डेटा सेंटर मिळवलं, अमेरिकेबाहेरचं त्या कंपनीचं पहिलं. २०१३ मध्ये ते सुरू झालं. विक्रीचा माल तोच: स्वस्त जलविद्युत, आणि यंत्रं थंड ठेवायला फुकटची थंड हवा. पण डेटा सेंटरला वीज भरपूर लागते आणि माणसं थोडी. डोक्यांच्या हिशोबात लुलेओला त्यातून फारसं मिळालं नाही. शहराचं नाव मात्र नकाशावर गेलं, आणि बिघडण्यासारखंही काही नव्हतं. शेलेफ्तेओने माणसं मागणारा कारखाना मागितला, म्हणजे मोठी किंमत असलेलं मोठं बक्षीस. तेव्हा उपलब्ध माहितीवर तो निर्णय चुकला होता असं मला वाटत नाही. गाड्या बनवणाऱ्या जगातल्या बड्या कंपन्या, गुंतवणूक बँका आणि देशाचे पेन्शन फंड ज्या कंपनीवर विश्वास टाकत होते, तिचं रसायनशास्त्र पालिकेच्या नियोजन खात्याने तपासून नाकारावं, ही अपेक्षा उंटावरच्या शहाण्याची.

नॉर्वेने आपल्या अगदी उत्तरेच्या पट्ट्यात, फिनमार्क आणि शेजारच्या भागात, १९९० पासून वेगळा मार्ग धरला आहे. तिथं सवलत कंपनीच्या आधी माणसाला मिळते: कमी आयकर, आणि तिथं राहून काम करणाऱ्याच्या शैक्षणिक कर्जातला काही भाग दरवर्षी माफ. त्याने तिथली घसरण पूर्ण थांबली असं नाही. पण तिथं जो येतो तो त्या जागेशी सौदा करतो, एखाद्या मालकाशी नाही. स्वीडिश पालिकेच्या हातात असं काही करण्याचा अधिकारच नव्हता, हा मुद्दा शेलेफ्तेओच्या बाजूने नोंदवायला हवा.

आता

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लायटेन या कंपनीने शेलेफ्तेओचा कारखाना आणि नॉर्थव्होल्टची इतर काही मालमत्ता विकत घेण्याचा करार जाहीर केला, कारखाना पुन्हा सुरू करण्याच्या इराद्याने. म्हणजे शहरापुढे पुन्हा तीच दोन गिऱ्हाइकं, आणि या वेळी क्रम उलटा. जमीन आहे, इमारती आहेत, वीजजोडणी आहे, परवान्यांचा मोठा भाग झालेला आहे. नव्या मालकाला पटवायला फार काही लागत नाही. अवघड आहे ते माणसांचं: यंत्रं चालवायला शिकलेली माणसं जगभर पांगली, आणि एकदा सामान बांधून गेलेल्याला दुसऱ्यांदा बोलावणं पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण.

दरम्यान मोकळी पडलेली घरं, वाढवलेल्या बालवाड्या आणि सुधारलेले रस्ते शहराकडे आहेत. कर्जही आहे. सारा कुल्टुरहुसमध्ये नाटकं चालू आहेत. रॉनशेर आहे, वीज कंपनी आहे, लाकडाचा उद्योग आहे. यातलं काहीच नॉर्थव्होल्टने आणलेलं नव्हतं.

माझं लक्ष मात्र कारखान्यापेक्षा रेल्वेकडे आहे. उमेओहून किनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या नव्या लोहमार्गाचं काम २०१८ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे, आणि तो शेलेफ्तेओला पोचायला २०३० च्या दशकाची सुरुवात उजाडेल. आज उमेओला बसने जायला दोन तासांच्या आसपास लागतात, रोज ये-जा करणं जवळजवळ अशक्य. रेल्वेने ते शक्य होईल. मग शेलेफ्तेओत घर घेतलेल्या कुटुंबातला एक जण इथल्या कारखान्यात आणि दुसरा उमेओच्या विद्यापीठात किंवा तिथल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी करू शकेल. लायटेन टिकली नाही तरी दुसरा पगार चालू राहील. पैसा देशाच्या तिजोरीतून येतो, वेळापत्रक पालिकेच्या हातात नाही, आणि रुळांचं उद्घाटन होईपर्यंत आजच्या नेत्यांपैकी किती जण पदावर असतील कोणास ठाऊक. स्थानकाभोवतीची जमीन कशी वापरायची, तिथं किती घरं, किती शाळा, किती भाड्याची कार्यालयं, एवढं मात्र पालिकेच्याच अधिकारात आहे, आणि त्याचे आराखडे आत्ताच ठरवायचे आहेत.